टाकीमागच्या नऊ टोपल्या

रविवार, ६ फेब्रुवारी

आज मैदान सुरू झालं आणि पहिला सामना मी जिंकलो. आधी हे लिहून टाकतो, मग बाकीचं.

बाकीचं म्हणजे असं. गेल्या वर्षी धाकट्या भावाकडे गेलो होतो. त्याच्या घरामागच्या बागेत लोखंडी दांड्याला साखळ्या लटकवलेली एक टोपली दिसली. लोक लांबून प्लॅस्टिकची चपटी चकती फेकत होते. चकती साखळ्यांवर आपटायची आणि खाली टोपलीत पडायची. भाऊ म्हणाला, याला डिस्क गोल्फ म्हणतात. मी खेळाकडे नंतर बघितलं, आधी वेल्डिंग बघितलं. कच्चं होतं. जोडावर बुडबुडे आलेले, साखळीच्या कड्या नुसत्या वाकवून अडकवलेल्या. जन्मभर फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या केलेल्या माणसाला असलं काम बघवत नाही. तिथेच ठरवलं, घरी गेल्यावर याहून चांगल्या टोपल्या करायच्या. आणि एक नाही, नऊ.

जागा मिळाली ती पाण्याच्या उंच टाकीमागची. मैदान पाणीखात्याचं आहे. बाहेरच्या कडेने काटेरी झुडपांचं कुंपण, मधोमध झाडांचा दाट पुंजका आणि या दोहोंच्या मध्ये गोल फिरणारा रुंद गवताचा पट्टा. आधीच्या साहेबांनी बदली होऊन जाताजाता परवानगी दिली. मग मी एकेका ठिकाणी उभा राहिलो, चकती फेकून बघितली, आणि ती जिथे सुखाने जाऊन बसली तिथे टोपली उभी केली. प्रत्येक टोपलीसाठी उभं राहायला एक फरशी. पहिल्या फरशीपासून निघायचं आणि घड्याळाच्या काट्यांसारखं फिरत नवव्या टोपलीला टाकीपाशी पोचायचं. खड्डे स्वतः खणले, दांडे काँक्रीटमध्ये बसवले. पन्नास वर्षं हलणार नाहीत.

खेळ अगदी सोपा. फरशीवरून फेका, चकती पडेल तिथून पुन्हा फेका, टोपलीत पडली की पुढच्या टोपलीकडे चला. सगळी फेरी ज्याने कमी फेकींत संपवली तो जिंकला. मला सव्वीस लागल्या. टेलरला सत्तेचाळीस. टेलर म्हणजे माझा लहानपणापासूनचा मित्र, शिवणकामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. चकतीत मात्र त्याचा हात कोणीतरी धरायला हवा. चष्मेवाल्याला पन्नास, बेकरीवाल्या बाईंना एकोणपन्नास. आमची ही सगळ्यांत शेवटी आली, पण हसत होती.

माझा डावा हात जन्मापासून पक्का. वेल्डिंगचा रॉड याच हाताने धरला, घास याच हाताने उचलला. आता चकतीही याच हाताने. देवाने एकेका माणसाला एकेक देणगी दिलेली असते, ती मला साठीनंतर कळली एवढंच.

बुधवार, ९ फेब्रुवारी

माझ्या वेल्डिंगच्या दुकानात जाऊन आलो. दुकान आता लेक बघते. तिने ताबा घेतल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर कामाचं मोठं टेबल उचलून उलटं फिरवलं आणि लोखंड पकडायचा व्हाइस या टोकाचा त्या टोकाला नेला. म्हणे, “बाबा, इथे कामाला येणारा प्रत्येक जण कोपर आपटून घेतो.” मी तीस वर्षं त्या टेबलावर काम केलं, माझं कोपर एकदाही आपटलं नाही. हल्लीच्या लोकांना सगळं हाताशी लागतं, दुसरं काय! तेव्हा मी आठवडाभर दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. ती मला समजवायला आलीही नाही. माझीच मुलगी, हट्टाला माझ्यावर गेलेली.

पण एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. सातव्या टोपलीचे वेल्डिंगचे टाके तिने मारलेत. हात फिरवून बघितला तर जोड कुठे आहे ते कळत नाही. माझे टाके इतके सफाईदार नाहीत. तिला हे सांगितलं नाही. सांगितलं तर डोक्यावर बसेल.

रविवार, १३ फेब्रुवारी

मी पंचवीस. माझाच विक्रम मी मोडला.

माणसं मागच्या वेळेच्या निम्मीच होती. खेळाची गोडी लागायला वेळ लागतो. सगळ्यांची चूक एकच आहे. चकती जोरात निघते, सरळ जाते आणि शेवटी शेवटी डावीकडे वळून कुंपणात घुसते. माझी शेवटी उजवीकडे वळते आणि गवतावर अलगद बसते. मी प्रत्येकाला थांबवून मनगट कसं ठेवायचं ते दाखवलं. मनगट, सगळा प्रश्न मनगटाचा आहे. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, “तुम्ही सांगता तसंच तर करतेय.” तसंच केलं असतं तर चकती तिकडे गेली असती का?

टेलरच्या दोन चकत्या काट्यांत हरवल्या. हाताला ओरखडे आले तेव्हा त्याचं टाळकं सटकलं. म्हणाला, “तुझं मैदानच तसलं आहे.”

मी मोठ्याने म्हणालो, “नाचता येईना अंगण वाकडं!”

मला वाटलं लोक हसतील. कोणी हसलं नाही. टेलर उरलेली चकती फरशीवर ठेवून घरी गेला.

घरी आल्यावर ही म्हणाली, “अहो, दर वेळी तुम्हीच जिंकणार, तर बाकीच्यांनी यायचं कशासाठी?” मी म्हटलं, चांगल्या खेळाडूबरोबर खेळून माणूस सुधारतो. त्यावर तिने नुसतं ‘हं’ केलं. हिच्या ‘हं’चा अर्थ लावायला लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला जमलेलं नाही.

रविवार, २७ फेब्रुवारी

आज एकटा चष्मेवाला आला. जगाला दिसायला लावणाऱ्या माणसाला चौथ्या टोपलीपाशी स्वतःची चकती दिसेना. काट्यांत शर्ट अडकला, फाटला, आणि “दुकानात गिऱ्हाईक थांबलंय” असं म्हणून तो गेला. रविवारी त्याचं दुकान बंद असतं.

मी एकट्याने फेरी पुरी केली. चोवीस. बघायला कोणी नव्हतं.

परत निघताना टाकीच्या वॉचमनने हाक मारली. पाणीखात्यात नवीन इंजिनियर बाई आल्यात. त्यांना मोठे पाइप ठेवायला जागा हवी आहे. वीस मार्चच्या रविवारी त्या स्वतः मैदान बघायला येणार. “त्या म्हणतात, लोक खेळत असले तर बघू, पाइप दुसरीकडे टाकू. मैदान रिकामं असलं तर सोमवारपासून इथे पाइप. काका, मी तरी काय सांगू त्यांना? हल्ली तुम्हीच एकटे येता.”

हे मी घरात जेवताना सांगितलं. लेकीने हिच्याकडे बघितलं, हिने लेकीकडे. नंतर स्वयंपाकघरात दोघींची बराच वेळ कुजबुज चालली होती. मी पाणी प्यायला गेलो तर एकदम भाजीच्या भावावर आल्या.

गुरुवार, ३ मार्च

एक चांगली गोष्ट. ही आजपासून सकाळी चालायला जाऊ लागली. गुडघ्यासाठी चाल, चाल म्हणून मी किती वर्षं सांगतोय! शेवटी पटलं. लेकही बरोबर जाते आहे. मी उठायच्या आत दोघी घराबाहेर. घरात माझा शब्द चालत नाही असं टेलर म्हणतो, त्याला हे सांगायला हवं. पण तो भेटतच नाही.

रविवार, ६ मार्च

कोणीच आलं नाही. म्हणून जाड हातमोजे चढवले आणि कुंपणात शिरून हरवलेल्या चकत्या बाहेर काढल्या. पाटीभर निघाल्या. टेलरच्या, चष्मेवाल्याच्या, बाईंच्या, सगळ्यांच्या. आणि त्यांत माझी एकही नाही! मी सगळ्या गवतावर मांडून खात्री करून घेतली.

पाच मिनिटं छाती फुगली. मग त्या चकत्यांकडे बघत बसलो आणि ती हळूहळू खाली गेली.

लोक आले नाहीत तर मैदान जाईल. मैदान गेलं तर टोपल्या काढाव्या लागतील. त्या काँक्रीटमधल्या आहेत, उपटता येणार नाहीत, गॅसने कापाव्या लागतील. आणि कापायला आमच्याच दुकानाला बोलावतील, कारण इथे ते काम दुसरं कोणी करत नाही. माझी लेक स्वतः मारलेले टाके स्वतःच्या हाताने कापील. हे मला बघवणार नाही.

लोक आळशी आहेत. दुसऱ्याचं चांगलं कोणाला बघवत नाही. असं मी आज बऱ्याचदा स्वतःला सांगितलं. पण बेकरीवाल्या बाई आळशी नाहीत. त्या पहाटे भट्टी पेटवतात.

ही दुपारी हाताला बाम चोळत बसली होती. चालल्याने हात कसा दुखतो ते विचारलं तर म्हणाली, “हात हलवत चालते.”

गुरुवार, १० मार्च

आज जे झालं ते लिहावं की नाही, याचा विचार करत होतो. लिहितो.

टेलरच्या दोन चकत्या धुऊन त्याच्या दुकानात घेऊन गेलो. म्हटलं, आपणच पुढाकार घ्यावा. तो कापड बेतत होता. मान वर न करता म्हणाला, “ठेव तिकडे.”

मी म्हणालो, “रविवारी ये. मनगटाचं मी तुला पुन्हा एकदा नीट दाखवतो.”

त्याने खडू खाली ठेवला. एक जुना तुकडा घेतला, त्यावर सरळ रेघ मारली आणि त्याची मोठी कात्री माझ्यापुढे सरकवली. “काप. या रेघेवरून.”

“हे काय नवीन?”

“पत्रा कापतोस ना जन्मभर? मग कापड काप.”

मी कात्री उचलली. कापड पात्यांच्या मध्ये दुमडलं. पुन्हा लावली, पुन्हा तेच. रेघ राहिली बाजूला, कडेला नुसत्या दशा निघाल्या. अंगठ्याच्या मुळाशी कात्रीची कड रुतायला लागली. मी म्हणालो, “धार लाव की हिला. असल्या कात्रीने कपडे शिवतोस?”

टेलरने तीच कात्री उजव्या हातात घेतली आणि तोच तुकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात चिरत नेला.

“धार आहे,” तो म्हणाला. “कात्री उजव्या हाताची आहे. पाती तशीच बसवलेली असतात. तुझ्या हातात ती चालणार नाही, तू कितीही मनगट फिरव. आणि तुझं मैदान आहे डाव्या हाताचं. तुझी चकती उजवीकडे वळते म्हणून सगळ्या टोपल्या तू उजव्या वळणावर ठेवल्यास. आमच्या चकत्या वळतात डावीकडे, आणि डावीकडे तू काय ठेवलंस? काटे! आणि वर चारचौघांत मला ऐकवतोस, अंगण वाकडं म्हणून. अरे, अंगण वाकडंच आहे! तूच घातलंयस ते!”

दुकानात ब्लाउज न्यायला आलेल्या दोन बायका होत्या. त्या भिंतीवरचा आरसा बघायला लागल्या.

मी बाहेर पडलो. चकत्या तिथेच राहिल्या.

शुक्रवार, ११ मार्च

दुपारी उजव्या हाताने सही करून बघितली. कोंबडीने पाय उमटवल्यासारखी आली.

टेलरचं बरोबर आहे. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. मी चकती जिथे सुखाने गेली तिथे टोपली ठेवली. पण ते सुख माझं होतं. मैदान बांधताना दुसऱ्या कोणाला एकदाही फेकायला सांगितलं नाही. सव्वीस, पंचवीस, चोवीस. कसले विक्रम? शर्यतीचा रस्ता आपल्या अंगणातून काढायचा आणि पहिलं आलो म्हणून मिरवायचं.

शनिवार, १२ मार्च

सकाळी नाश्त्याला सगळं घरात सांगून टाकलं. वाटलं होतं, दोघींना धक्का बसेल. ही म्हणाली, “असं होय?” लेक चहाच्या कपात बघत होती.

“आता टोपल्या हलवायच्या म्हटलं तरी हलणार नाहीत,” मी म्हणालो. “पन्नास वर्षांचं काँक्रीट घालून ठेवलंय मी. माझ्याच पायावर धोंडा.”

“टेबलसुद्धा हलणार नाही म्हणत होता तुम्ही, बाबा,” लेक म्हणाली.

“टेबल तू फिरवलंस. मैदान कसं फिरवणार?”

मग ही पोळीला तूप लावतालावता आपली सहज म्हणाली, “आम्ही चालायला जातो ना, ते टाकीच्या बाजूने शिरतो आणि उलटे फिरून येतो. तिकडून कुंपण उजव्या हाताला राहतं. बरं पडतं.”

हिचं लक्ष कायम चालण्यात. मी मैदानाचं बोलतोय आणि ही कुंपणाचं! मी चहा घेत विचार करत बसलो आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टोपल्या हलवायच्याच कशाला? खेळ उलटा खेळायचा! टाकीपासून निघायचं, नऊ नंबरची टोपली पहिली, एक नंबरची शेवटची. तेच मैदान, त्याच टोपल्या, पण सगळी वळणं डावीकडची होतात आणि काटे उजवीकडे जातात. फक्त फरश्या हलवायच्या.

मी टेबलावर थाप मारली. कपातला चहा सांडला. म्हटलं, “सुचलं! तुम्हाला नाही सुचणार, तुम्ही दोघी नुसत्या चालता तिथे.”

लेक म्हणाली, “बाबा, खरंच कसं सुचतं हो तुम्हाला?” तिच्या आवाजात इतकं कौतुक मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

रविवार, १३ मार्च

फरश्या हलवल्या. लेकीने हातगाडी आणली. मला वाटलं होतं, प्रत्येक नवी जागा मोजून मापून शोधावी लागेल. पण गंमत म्हणजे जिथे फरशी बसायला हवी होती, तिथे तिथे गवत आधीच तुडवलेलं होतं. नऊच्या नऊ ठिकाणी. निसर्गाची साथ म्हणतात ती अशी. आपलं ठरवणं बरोबर असलं की जमीनसुद्धा खूण करून देते.

मग मी नव्या दिशेने एक फेरी खेळलो. पहिली चकती कुंपणात. दुसरी कुंपणात. सगळ्या मिळून सत्तावन्न, आणि हात कोपरापर्यंत ओरखडलेले. सगळ्या आळीने काय सोसलं ते मला एका सकाळी कळलं. घरी येऊन हिने औषध लावलं, तेव्हा मी म्हटलं, फार चुरचुरतंय. ही म्हणाली, “हं.” या ‘हं’चा अर्थ मला कळला.

संध्याकाळी टेलरकडे गेलो. दारातच म्हणालो, “अंगण फिरवलं. आता नाचून दाखव.” तो बराच वेळ माझे हात बघत होता. मग आतून चकत्या घेऊन आला.

गुरुवार, १७ मार्च

रोज संध्याकाळी माणसं येताहेत. टेलरने आज अडतीस केल्या आणि लहान मुलासारखा ओरडला. बेकरीवाल्या बाई त्यांच्या दोन बहिणींना घेऊन आल्या. चष्मेवाल्याची चकती झाडांच्या कडेने वळून सरळ साखळ्यांवर आपटली. तो आवाज मी आजवर फक्त माझ्याच चकतीचा ऐकला होता. नऊ टोपल्यांच्या साखळ्या एकदम वाजायला लागल्या की फार गोड वाटतं. इतकं गोड वाटेल अशी कल्पना नव्हती.

मी मात्र रोज शेवटचा. कालही, आजही. उजव्या हाताने टाकली तर ती पायाशीच पडते.

आज चष्मेवाला बाजूला घेऊन म्हणाला, “रविवारी इंजिनियर बाईंसमोर तुम्ही आधी जुन्या दिशेने एक फेरी खेळून दाखवा ना. चोवीसची. छाप पडेल. फरश्या काय, दोन मिनिटांत सरकवू.” मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

खरं ते लिहितो. मला बाईंसमोर शेवटचा यायचं नाहीये. मैदान मी बांधलं, टोपल्या मी केल्या. त्या परक्या बाईने मला काट्यांत चकती शोधताना बघावं? एक फेरी जुन्या दिशेने खेळलो तर कोणाचं काय जातं? पण मग सगळे बाजूला उभे राहून नुसते बघत बसतील. बाईंना खेळणारा मी एकटा दिसेन.

अजून ठरत नाही.

रविवार, २० मार्च

सकाळी मैदानावर पोचलो तर मी मोजायचं सोडून दिलं इतकी माणसं. टेलर दुकानातल्या दोन्ही कारागिरांना घेऊन आला होता. कोणी कोणाच्या सासूला आणलं होतं, कोणी शेजाऱ्याला. चष्मेवाल्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे काय ते विचारलं. मी माझी चकती उचलली, टाकीपाशी गेलो आणि रांगेत सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. त्याने मान हलवली आणि माझ्या पुढे येऊन उभा राहिला.

इंजिनियर बाई आल्या तेव्हा खेळ रंगात होता. वयाने लेकीएवढ्या असतील, हातात मोजायची लांब टेप. टेपचं दुसरं टोक धरायला त्यांनी वॉचमनला हाक मारली. वॉचमन म्हणाला, “बाई, एक मिनिट, माझी पाळी आलीय.” बाई टेप हातात घेऊन बघत राहिल्या. मध्ये जायची सोय नव्हती, डोक्यावरून चकत्या जात होत्या.

आमची ही माझ्या गटात होती. पहिल्या टोपलीला तिने तीन घेतल्या. मी म्हटलं, नशीब. दुसरीला दोन. तिसऱ्या फरशीवर ती उभी राहिली तेव्हा मी तिच्या पायांकडे बघितलं. ती खाली न बघता उभी राहिली, पाय आपोआप जागेवर गेले, खांदा वळला आणि चकती झाडांच्या कडेने अशी वळत गेली की टेलरने तोंडात बोट घातलं. नवशिक्या माणसाला हे जमत नाही. हात बसायला रोज तेच काम करावं लागतं, हे मला कोणी शिकवायला नको.

चालायला जात होती म्हणे! आणि ते तुडवलेलं गवत. आणि बाम. आणि शनिवारी माझ्या डोक्यात पडलेला तो लख्ख प्रकाश, त्याचं बटण कोणी दाबलं तेही मला तिथेच, तिसऱ्या फरशीवर उभ्या उभ्या कळलं. लेकीकडे बघितलं. ती झाडाकडे बघत होती.

राग यायला हवा होता. आला नाही. मला हे सरळ तोंडावर सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? आठवडाभर मैदानात पाऊल टाकलं नसतं, आणि तेवढ्यात पाइप आले असते. मायलेकींनी माझा स्वभाव ओळखून, माझा मान राखून, माझं मैदान वाचवलं. असल्या दोघी ज्याच्या घरात आहेत त्याने हरायची लाज कशाला बाळगायची? मी पुढे झालो, चकती फेकली, आणि ती अर्थातच कुंपणात गेली.

ही बत्तीस फेकींत फेरी संपवून पहिली आली. लोकांनी तिला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. वॉचमन आयुष्यात पहिल्यांदा खेळला, तोसुद्धा माझ्या पुढे गेला. शेवटच्या टोपलीपाशी सगळे संपवून उभे होते, खेळणारा मी एकटाच उरलो होतो, आणि माझी चकती पुन्हा काट्यांत. ती काढून, शर्टाची बाही सोडवून मी बाहेर आलो तर बाई समोर उभ्या.

“काका, नवीन दिसताय खेळात,” त्या म्हणाल्या.

टेलरने तोंड उघडलं. त्याला मी ओळखतो, तो सगळं सांगणार होता, टोपल्या कोणी केल्या, मैदान कोणी आखलं, चोवीस कोणाच्या. मी त्याच्या पायावर पाय दिला.

“हो बाई,” मी म्हणालो. “अजून शिकतोय.”

बाईंनी टेपचा चाप दाबला. एवढी लांब टेप सरसर करत आत गेली.

“सुरुवातीला असंच होतं,” त्या म्हणाल्या. “येत राहा. मैदान कुठे जात नाही.”

मी मान ताठ केली, डाव्या हाताने नेम धरला आणि फेकली. तीही कुंपणातच गेली, आणि इतक्या अभिमानाने मी आयुष्यात दुसरं काही फेकलेलं नाही.